शंभर वर्षांचा उशीर

१८८९ सालच्या अखेरीस हैदराबादेत कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देण्याचे काम आठवडेच्या आठवडे चालले होते. खर्च निजाम मीर महबूब अली खान यांच्या खजिन्यातून होत होता. प्रयोगांचे सूत्रधार होते रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी, आणि त्यांचे निष्कर्ष तपासायला लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लॉडर ब्रन्टन या नामांकित औषधशास्त्रज्ञाला मुद्दाम धाडले होते. प्रश्न एकच होता: क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तेव्हा आधी काय थांबते, श्वास की हृदय? लॉरींचे म्हणणे श्वास. शेकडो जनावरांवरच्या प्रयोगांनंतर त्यासाठी नेमलेल्या आयोगानेही तोच कौल दिला आणि भूल देणाऱ्याने नाडी धरून न बसता श्वासावर नजर ठेवावी असे बजावले. आज येडशी हे गाव ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे तो मुलूख तेव्हा नळदुर्ग जिल्हा म्हणून याच निजामाच्या राज्यात होता. घाट उतरून बार्शीला गेले की इंग्रजी अंमल लागे. म्हणजे भूलशास्त्राच्या इतिहासातल्या एका गाजलेल्या वादाचा खर्च ज्या तिजोरीतून झाला, तिच्यात येडशीच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता. आयोगाचा निकाल अर्धा चुकला. हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय बिघडून ते अचानक बंद पडू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ साली दाखवले. श्वासाकडे बघा हा लॉरींचा धडा मात्र टिकला. त्यांच्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी भूल देण्याचे काम करू लागल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते.

या प्रकरणाची आठवण काढण्याचे कारण वेगळे आहे. आयोगाच्या साऱ्या वादात ऑपरेशननंतरच्या दुखण्याला जागाच नव्हती. माणूस झोपवायचा कसा आणि जिवंत उठवायचा कसा, एवढाच प्रश्न होता. उठल्यावर जखम किती ठणकते, रात्र कशी जाते, हे वैद्यकाच्या कामात मोडत नव्हते. लहान मुलांच्या बाबतीत तर ते पुढची जवळजवळ शंभर वर्षे मोडले नाही. हा उशीर साधनांच्या अभावामुळे झाला, असे सहसा सांगितले जाते. पुरावा तसे सांगत नाही. मज्जातंतू बधिर करून मुलाचे दुखणे थोपवण्याची साधने त्याच काळात, लॉरींच्या डोळ्यांदेखत, तयार होत होती. उशीर झाला तो मुलाला दुखते यावर विश्वास नसल्यामुळे.

त्या पिढीवर अन्यायही करायला नको. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला बळी एक मुलगीच होती. इंग्लंडमध्ये जानेवारी १८४८ मध्ये पायाच्या बोटाचे नख काढताना पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर दगावली. तरीही मुले क्लोरोफॉर्म चांगला सोसतात, अशी डॉक्टरांची समजूत होती, कारण मुले चटकन झोपत आणि चटकन उठत. मग १८९४ साली लंडनच्या लेनर्ड गथ्री यांनी वेगळीच माहिती पुढे आणली. ऑपरेशन सुखरूप पार पडलेली, शुद्धीवर आलेली मुले एकदोन दिवसांनी उलट्या होऊन, ग्लानीत जाऊन मरत होती. क्लोरोफॉर्मचा उशिरा होणारा हा घाला यकृतावर होता. याउलट टेबलावरच अचानक गेलेल्या मुलांसाठी व्हिएन्नाच्या पाल्टाउफने १८८९ मध्येच एक सोयीचे कारण पुरवून ठेवले होते: मुलाच्या छातीतली थायमस ग्रंथी जन्मतःच मोठी, प्रकृतीच तशी. हे निदान कित्येक दशके वापरले गेले. त्यामुळे दोष भुलीचा न ठरता मुलाचा ठरला. जिथे मूल टेबलावरून जिवंत उतरणे हेच यश, तिथे रात्रीच्या रडण्याचा हिशेब कोण ठेवणार? रडणारे मूल म्हणजे श्वास घेणारे मूल, आणि त्या काळी ते समाधानाचेच लक्षण होते.

पण याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहू लागला होता. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. वर्षाच्या आत न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड मज्जातंतूच्या जवळ कोकेन टोचून त्या तंतूच्या ताब्यातला सगळा भाग बधिर करत होते. (या प्रयोगांत स्वतःला टोचून घेता घेता ते कोकेनच्या आहारी गेले, ही त्या शोधाची काळी बाजू.) १८९८ मध्ये कील येथे ऑगस्ट बिअर यांनी कण्यात कोकेन सोडून कमरेखालचे शरीर बधिर केले. त्यांच्या अगदी पहिल्या रुग्णांत मुलेही होती. म्हणजे कण्यातली भूल मोठ्यांसाठी जन्मली आणि नंतर मुलांपर्यंत उतरली असे झाले नाही. ती पहिल्या दिवसापासून मुलांसाठीही होती. १९०९-१० मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातून टिरेल ग्रे यांनी अशा भुलीचे शेकडो अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. जखमेकडून मेंदूकडे जाणारे संदेशच अडवले की मुलाच्या शरीराला बसणारा धक्का कमी होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजच्या पुस्तकातही तो खपून जाईल. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेत मेरेडिथ कॅम्पबेल यांनी माकडहाडाजवळच्या फटीतून द्यायच्या भुलीचा, म्हणजे आज जिला सगळे ‘कॉडल’ म्हणतात तिचा, मुलांमधला अनुभव प्रसिद्ध केला. पद्धत होती, औषध होते, छापील पुरावाही होता.

मग ती विसरली का गेली? एक कारण तांत्रिक आहे. झोपवणारी भूल दिवसेंदिवस चांगली होत गेली. १९४० च्या दशकात स्नायू शिथिल करणारी क्युरारे आली, १९५६ मध्ये हॅलोथेन आले. मूल निपचित, सर्जन खूश, वेळ कमी. हलत्या, रडत्या, घाबरलेल्या मुलाच्या पाठीत सुई घालण्यापेक्षा मुखवटा धरणे केव्हाही सोपे. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही, कारण झोपलेल्या मुलालाही ऑपरेशन संपताना मज्जातंतूचा ब्लॉक देता येतोच, आणि आज नेमके तेच केले जाते. तो दिला गेला नाही, कारण ऑपरेशननंतर मुलाला फारसे दुखत नाही हे शास्त्र म्हणून मानले गेले होते. एकोणिसाव्या शतकातल्या शरीरशास्त्राने नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचे आवरण अपुरे असल्याचे दाखवले होते. त्यावरून बाळाला वेदना नीट कळत नाही असा अर्थ काढला गेला. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी बाळांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली नोंदवल्या. पहिल्या काही दिवसांत बाळे फारशी प्रतिक्रिया देत नाहीत, असे त्यांना दिसले, आणि त्या निरीक्षणाचा वापर पुढे कित्येक दशके झाला. १९६८ मध्ये तर एका वैद्यकीय नियतकालिकात असा निष्कर्ष छापून आला की सर्वसाधारण शस्त्रक्रियेनंतर मुलांना वेदनाशामकाची क्वचितच गरज पडते. आधार काय? वॉर्डात त्यांना ते क्वचितच दिले गेले होते.

या वर्तुळाला पहिला ठोस धक्का एका परिचारिकेने दिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७७ मध्ये जो एलंड यांनी शस्त्रक्रिया झालेल्या पंचवीस मुलांचे कागद तपासले. त्यांतल्या तेरा मुलांना संपूर्ण मुक्कामात वेदनाशामकाचा एकही डोस मिळालेला नव्हता. उरलेल्या बारांना मिळून चोवीस डोस. तशाच आजारांच्या अठरा प्रौढांना मात्र सहाशे एकाहत्तर. प्रौढ मागतात, मुले मागत नाहीत किंवा मागू शकत नाहीत, हे एक कारण झाले. पण मुलाने मागण्याची वाट पाहायची की मोठ्यांनी स्वतः विचारायचे, हा निर्णय कोणीतरी घेतलेलाच होता. दशकभराने जे उघडकीला आले ते याहून गंभीर होते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर छाती उघडण्याच्या शस्त्रक्रियासुद्धा अनेकदा फक्त स्नायू शिथिल करणारे औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावर होत होत्या. बाळ हलू शकत नसे, म्हणून ते शांत आहे असे धरले जाई. १९८५ च्या एका अशा शस्त्रक्रियेची हकिकत बाळाच्या आईने वर्तमानपत्रांपर्यंत नेली तेव्हा गहजब झाला.

शास्त्रीय उत्तर दिले ते कंवलजीत सिंग आनंद यांनी. शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात, मग ऑक्सफर्ड. होळकरांच्या इंदूरहून निघालेल्या या डॉक्टरने विचारलेला प्रश्न साधा होता: शस्त्रक्रियेनंतर अपुऱ्या दिवसांची बाळे इतकी का खालावतात? जानेवारी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी सोळा बाळांवरची तुलना मांडली. अर्ध्यांना नेहमीची हलकी भूल, अर्ध्यांना तिच्या जोडीला फेन्टानिल. ज्यांना वेदनाशामक मिळाले त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरके कमी वाढली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशामक द्यावे असे जाहीर केले. १९९२ मध्ये आनंद आणि हिकी यांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या पंचेचाळीस नवजात बाळांचा अभ्यास दिला. त्यात सुफेन्टानिलची गाढ भूल मिळालेल्या तीसपैकी एकही बाळ गेले नाही. हलकी भूल मिळालेल्या पंधरांपैकी चार गेली. आकडा लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण वेदना थोपवणे ही मायेची बाब नसून उपचाराचा भाग आहे, हे यानंतर नाकारणे अवघड झाले.

एक आक्षेप इथे घरातूनच येतो. मूल रडते आणि विसरते, मोठे झाल्यावर त्याला काय आठवणार? बाळाचे कान टोचताना आपणही हेच म्हणतो. कॅनडातल्या अ‍ॅना टाडियो यांनी १९९७ मध्ये या समजुतीची परीक्षा घेतली. जन्मल्यावर सुंता झालेली मुले चार-सहा महिन्यांची असताना लस टोचून घेताना, सुंता न झालेल्या मुलांपेक्षा जास्त वेदना दाखवत होती. सुंतेच्या वेळी बधिर करणारे मलम लावलेल्यांत हा फरक कमी दिसला. मुलाला प्रसंग आठवत नसेल, त्याचे मज्जातंतू विसरत नाहीत. मराठवाड्याच्या गावांत सुंता ही नेहमीची बाब आहे, आणि ती दवाखान्यात होते तिथे शिश्नाच्या मुळाशी दिलेला छोटा ब्लॉक किंवा कॉडल हा या अभ्यासाचा सरळ, स्वस्त उपयोग ठरतो.

आता हा ब्लॉक करतो काय ते पाहू. शेतात पाणी शिरू द्यायचे नसेल तर प्रत्येक सरीत उभे राहून उपसत बसण्यापेक्षा पाटाचे दार बंद करणे शहाणपणाचे. मॉर्फीनसारखी औषधे मेंदूत पोचलेल्या वेदनेवर काम करतात आणि त्यासोबत श्वासाचे केंद्रही मंदावतात. बुपिव्हाकेनसारखे औषध मज्जातंतूच्या भिंतीतल्या सोडियमच्या वाटा बंद करते. संदेश पुढे जातच नाही, आणि मेंदू, श्वास, पोट आपापल्या जागी राहतात. लहान मुलाचे शरीर या पद्धतीला मोठ्यांपेक्षाही अनुकूल आहे. तंतूंवरचे आवरण पातळ असल्यामुळे पातळ द्रावण पुरते. ज्या अपुऱ्या आवरणावरून बाळाला दुखत नाही असे शतकभर सांगितले गेले, तेच आवरण आता ब्लॉकच्या बाजूने साक्ष देते. त्रिकास्थीच्या खालच्या टोकाची फट लहान मुलात बोटाने सहज लागते. आठेक वर्षांखालच्या मुलांचा रक्तदाब अशा भुलीने सहसा कोसळत नाही. म्हणूनच १९७९ मध्ये इंग्लंडच्या आर्मिटेज यांनी सुचवलेली कॉडलची मात्रा आजही मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तोंडपाठ असते: पाव टक्का बुपिव्हाकेन, वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिलिटर, एक किंवा सव्वा, जखम किती वर आहे त्याप्रमाणे. हर्निया, न उतरलेले अंडकोष, मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया, पायाच्या वाकडेपणाची शस्त्रक्रिया, सगळीकडे हेच. फाटलेल्या ओठासाठी डोळ्याखालच्या तंतूचा ब्लॉक, हातासाठी काखेजवळचा किंवा गळपट्टीच्या हाडाखालचा. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये बर्नार दालेंस यांनी मुलांसाठीच्या अशा ब्लॉकांची नीट मांडणी केली. ग्रे यांच्या लेखांपासून तिथवर यायला तीन पिढ्या गेल्या.

सगळ्यात जड आक्षेप सुरक्षिततेचा. मोठ्या माणसाला ब्लॉक देताना तो जागा असतो, सुई तंतूला लागली तर ओरडतो. मूल मात्र झोपलेले असते. झोपलेल्या मुलाच्या पाठीत सुई घालणे हे डोळे बांधून चालण्यासारखे नाही का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तर्काने नव्हे, मोजणीनेच देता येते. फ्रेंचभाषक देशांतल्या भूलतज्ज्ञांनी १९९६ मध्ये २४,४०९ ब्लॉकांची नोंद प्रसिद्ध केली. गुंतागुंत हजारी एकापेक्षा कमी, तीही सगळी कण्याजवळच्या ब्लॉकांत, आणि एकाही मुलाला कायमचे अपंगत्व नाही. पुढे अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांनी एकत्र ठेवलेल्या नोंदवहीतल्या एक लाख चार हजारांवर ब्लॉकांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, बहुतेक सगळे झोपलेल्या मुलांवरचे. मज्जातंतूची कायमची इजा शून्य, औषध रक्तात चढून विषबाधा दहा हजारी एकाहून कमी. त्यातही तान्ह्यांना धोका जास्त, म्हणून त्यांची मात्रा कमी ठेवायची. औषध रक्तात चढलेच तर वीस टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देऊन हृदय सावरता येते, हे १९९८ नंतरच्या प्रयोगांनी दाखवले. ती बाटली थिएटरमध्ये ठेवल्याशिवाय ब्लॉक देऊ नये, एवढा नियम पाळला तर हा आक्षेप भीतीपुरता उरतो. हाड मोडलेल्या मुलाच्या पायात दाब वाढून स्नायू मरू लागले तर ब्लॉकमुळे ते कळणार नाही, हा दुसरा आक्षेप अस्थिशल्यचिकित्सक आग्रहाने मांडतात. २०१५ मध्ये युरोप-अमेरिकेच्या संघटनांनी एकत्रितपणे तपासले तेव्हा पातळ द्रावणाचे ब्लॉक अशा घटनांत भर घालतात याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मात्र धोक्याच्या फ्रॅक्चरमध्ये ब्लॉकबद्दल आधी सर्जनशी बोलावे आणि नंतर पाय वारंवार तपासावा, ही त्यांची अट योग्यच आहे. आईवडिलांची भीती वेगळी असते. पाठीत सुई दिली की जन्मभर पाठ दुखते, हे प्रत्येक गावात कोणीतरी सांगतेच. सिझेरियनसाठी दिलेल्या भुलीवरून ही समजूत रुजली आहे, आणि तिला उत्तर द्यायला थिएटरच्या दारात पाच मिनिटे कोणाकडे नसतात.

हे सगळे येडशीला कुठे येऊन मिळते? बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९०७ च्या सुमारास बार्शीहून घाट चढून या बाजूला आला, १९११ मध्ये लातूरला पोचला. दुसऱ्या टोकाला तो पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेला जाऊन टेकला. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभ्या केलेल्या मिरजेच्या मिशन रुग्णालयाची ख्याती त्या काळी मोठी होती. येडशीच्या ठेशनवर बसलेला माणूस त्याच अरुंद रुळांच्या जाळ्यावरून थेट तिथवर जाऊ शकत होता. ऑपरेशन दूर, घर दूर, आणि मधला प्रवास धक्क्यांचा. आज रूळ रुंद झालेत, सोलापूर-संभाजीनगर महामार्ग गावाजवळून जातो. धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बार्शी आणि सोलापूर गाठता येतात, आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचा दोष असलेली मुले शोधून शस्त्रक्रियेसाठी पाठवली जातात. म्हणजे मूल ऑपरेशनपर्यंत पोचण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षी जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्यात उरतो तो ऑपरेशननंतरच्या रात्रीचा प्रश्न.

ब्लॉक हा मोठ्या शहरातल्या महागड्या रुग्णालयांचा चोचला आहे, इथे आधी भूलतज्ज्ञ मिळू द्या, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद उलटा आहे असे माझे मत आहे. ज्या रुग्णालयात रात्री दर मुलामागे परिचारिका आहे, प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे यंत्र प्रत्येक खाटेशी आहे, तिथे मॉर्फीनवर मुलाची रात्र काढता येते. जिथे दोन सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळतात, तिथे श्वास मंदावणारे औषध देणे धोक्याचे, आणि न देणे हे एलंड यांच्या कागदांकडे परत जाणे. शिवाय मॉर्फीन मिळते कुठे? मंदसौर आणि नीमचकडे अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचला सरकारी कारखाने आहेत, तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या परवान्यांच्या जंजाळात औषधी मॉर्फीन देशातल्या बहुतेक रुग्णालयांतून नाहीसे झाले. २०१४ ची दुरुस्ती वाट थोडी मोकळी करते, पण सवय तुटली ती तुटलीच. उरलेल्या गोळ्यांची कथाही फार चांगली नाही. लहान मुलांना सर्रास दिले जाणारे निमेसुलाइड २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद झाले. कोडीन काही मुलांच्या शरीरात अतिवेगाने मॉर्फीनमध्ये बदलते, म्हणून अमेरिकेने २०१७ मध्ये तेही या वयासाठी वर्ज्य ठरवले. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन राहतात, आणि हर्नियाच्या पहिल्या काही तासांना ती एकटी पुरत नाहीत. अशा वेळी थिएटरमध्येच, भूलतज्ज्ञ हजर असताना, काही मिनिटांत दिलेला आणि वॉर्डात कोणाची पहारेदारी न मागणारा ब्लॉक ही गरिबांच्या रुग्णालयाचीच पद्धत ठरते. कौशल्याचा प्रश्न खरा आहे, पण शून्यापासून सुरुवात करायची नाही. सिझेरियनसाठी कण्यात भूल देणारे हात तालुक्याच्या ठिकाणीही आहेत. त्यांना मुलांच्या मात्रा आणि मुलांचा श्वास शिकावा लागेल, आणि जिथे मुलाला सुरक्षित झोपवता येत नाही तिथे ब्लॉकही देऊ नये, हे त्यासोबत आलेच.

सोनोग्राफीने या क्षेत्रात मोठा बदल केला. व्हिएन्नाच्या विल्श्के आणि मारहोफर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले की जांघेतला तंतू पडद्यावर बघून दिलेल्या ब्लॉकला औषध कमी लागते, आणि तो फसण्याचे प्रमाणही बरेच घटते. अंदाजाने ब्लॉक दिलेल्या मुलांत सव्वीस टक्क्यांना ऑपरेशनच्या वेळी जादा वेदनाशामक लागले, बघून दिलेल्यांत चार टक्क्यांना. मुंबईच्या बालभूलतज्ज्ञ डॉ. वृषाली पोंडे यांचे काम याच वाटेवरचे आहे. तान्ह्या मुलांच्या हाताच्या ऑपरेशननंतर गळपट्टीच्या हाडाखाली बारीक नळी ठेवून ब्लॉक चालू ठेवण्याची पद्धत त्यांनी २००८ मध्ये मांडली. २०१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह जन्मतः सांधे आखडलेल्या मुलांचा अभ्यास दिला. या मुलांचे स्नायू इतके दुबळे असतात की विजेने तंतू चेतवून पाय हलतो का हे बघण्याची नेहमीची रीत फसते, आणि सोनोग्राफीने ब्लॉक यशस्वी होण्याचे प्रमाण वाढते. पण महाराष्ट्रात सोनोग्राफीचे यंत्र म्हटले की पहिली आठवण गर्भलिंगनिदानाची येते, आणि ती रास्त आहे. देशात याविषयीचा पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या. २०१२ च्या नियमांनी फिरते यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने घातली. परिणामी आज बार्शीत तर उद्या धाराशिवात अशी फिरती सेवा देणाऱ्या भूलतज्ज्ञाला आपले छोटे यंत्र सोबत नेता येत नाही. नियम सैल करा अशी मागणी होते. मला ती पटत नाही. ज्या भागात यंत्राचा असा गैरवापर झाला तिथे मुलींच्या जिवाच्या बदल्यात मुलांच्या वेदनेचा सौदा करता येणार नाही. त्याऐवजी शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात थिएटरच्या नावाने नोंदलेले, तिथून न हलणारे एक यंत्र असावे. आणि कॉडलला तर यंत्राची गरजच नाही. आर्मिटेजच्या काळात ते बोटाने फट चाचपूनच दिले जाई.

शेवटची अडचण पद्धतीतच आहे आणि तिच्यावर क्वचित बोलले जाते. एका सुईचे कॉडल चार ते सहा तास चालते. सकाळी दहाला हर्नियाचे ऑपरेशन झालेले मूल दुपारी हसत असते, पाय थोडे जड, बाकी ठीक. संध्याकाळपर्यंत घरी सोडले की ब्लॉक उतरतो तो वाटेत किंवा घरी, जिथे सिस्टर नाही आणि औषधाचे दुकान बंद. मग दुखणे एकदम येते, आणि ब्लॉकचा उपयोगच झाला नाही असे घरच्यांना वाटते. उपाय माहीत आहे: ब्लॉक उतरण्याआधीच, मूल रडत नसतानाच पॅरासिटामॉलची पहिली मात्रा, वजनाप्रमाणे, आणि पुढच्या मात्रा घड्याळाप्रमाणे. डिस्चार्ज कार्डावर औषधाचे नाव लिहिलेले असते. ते पहिल्यांदा किती वाजता द्यायचे, हे मराठीत, आकड्यात लिहिलेले असायला हवे, आणि मूल ज्याच्या कडेवर घरी जाणार त्याला ते सोडण्यापूर्वी वाचून दाखवले गेले पाहिजे.